डिस्क ठणठणीत, तरी पीसी उठत नाही: पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका दुखण्याची तपासणी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका क्लासचा सीपीयू माझ्या दुकानात आला. स्कूटरच्या पायदानावर उभा ठेवलेला, भुरभुर पाऊस म्हणून वरून कचऱ्याची काळी पिशवी ओढलेली.

"भाऊ, परत तेच," सर म्हणाले.

‘परत’ला वजन होतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा दुसऱ्या एकाने फॉरमॅट मारून दिला होता. दोन महिन्यांनी माझ्याकडे आला. मी साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) बदलली, अपडेट पुन्हा चालवून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, नव्याने टाकला, पीसी उठला, मी दीडशे रुपये घेतले आणि श्रेय केबलला दिलं. आता ही तिसरी खेप. डिस्क तीन टीबीची. तपासली तर एकही खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) नाही, आवाज नाही, तापत नाही. आणि काळ्या स्क्रीनवर तीच ओळ: ‘एरर: अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क एचडी०’. डिस्कच्या हद्दीबाहेर वाचायला गेलो, असं ते मशीन सांगत होतं. तीन टीबीची डिस्क, निम्मीसुद्धा भरलेली नाही. मग हद्द संपली कुठे?

एमजी रोडच्या मागच्या गल्लीत बसून मी इतकी वर्षं हेच काम करतोय. दर महिन्याला निदान एक तरी गिऱ्हाईक असं येतं की त्याची डिस्कही चांगली असते आणि बोर्डही चांगला असतो, फक्त दोघांची पत्रिका जुळत नाही. अशा वेळी फॉरमॅट मारला की काही दिवस बरं वाटतं. मग दुखणं परत येतं, कारण मुळाला हात लागलेलाच नसतो.

हे समजून घ्यायला एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पीसी सुरू होताना डिस्क दोन वेगवेगळे जण वाचतात. आधी बोर्डावरचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसवलेला प्रोग्रॅम: जुन्या बोर्डांवर बायोस, नव्यांवर यूईएफआय. ते डिस्कचा पहिला भाग वाचून विंडोज किंवा लिनक्सचा बूटलोडर उचलतं. बूटलोडर त्या फर्मवेअरच्याच डोळ्यांनी पुढचं वाचतो आणि कर्नल मेमरीत आणतो. मग कर्नल स्वतःचे ड्रायव्हर लावतो आणि डिस्क नव्याने, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला लागतो. पहिल्या वाचकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला स्वच्छ दिसू शकतं, आणि उलटही होतं. म्हणूनच ‘दुसऱ्या पीसीला लावली तर चालते हो’ या वाक्यावरून डिस्क मेली नाही एवढंच कळतं. आपण शोधायचं ते हे: दोघांपैकी अडकला कोण?

बायोसला डिस्क दिसते का

चालू करताना डिलीट, एफ२ किंवा तुमच्या बोर्डाची जी कळ असेल ती दाबून बायोसमध्ये जा. डिस्कचं नाव आहे का, आणि नावापुढचा आकडा बरोबर आहे का, एवढंच आधी बघा. बहुतेक जण नाव बघतात, आकडा बघत नाहीत. मीही मागच्या खेपेला बघितला नव्हता.

त्याच्याही आधी डिस्कची प्रकृती तपासून घ्या. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्समध्ये स्मार्टसीटीएल. त्यात ५ क्रमांकाची नोंद म्हणजे बदललेले सेक्टर आणि १९७ म्हणजे संशयित सेक्टर. हे दोन्ही शून्य असले तर बरं. १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा) वाढत असेल तर गुन्हेगार बहुधा केबल असते. क्लासच्या पीसीत तो आकडा शून्य होता, म्हणजे केबल बदलायचं काहीच कारण नव्हतं. ते दीडशे रुपये मी नंतर परत केले. आणि डिस्क टकटक आवाज करत असेल तर हे काहीच करत बसू नका, वीज काढा. तो या लेखाचा आजार नाही.

नावच दिसत नाही

नाव नसेल तर आधी हात लावून बघा, डिस्क फिरते का. हल्ली बाजारात सर्व्हरमधून निघालेल्या किंवा एक्स्टर्नल डब्यातून काढलेल्या मोठ्या डिस्क स्वस्तात मिळतात. त्यातल्या काही जुन्या एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) अजिबात फिरत नाहीत, मेल्यासारख्या पडून राहतात. दुकानदार बदलून देतो, दुसरीही तशीच. कारण साधं आहे. साटाच्या ३.३ आवृत्तीत पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला नवं काम दिलं गेलं: त्या पिनवर व्होल्टेज आलं की डिस्कने झोपून राहायचं. सर्व्हरमध्ये दुरून डिस्क बंद-चालू करायला ही सोय. जुने एसएमपीएस मात्र त्याच पिनवर ३.३ व्होल्ट कायम सोडतात. मग डिस्क आज्ञाधारकपणे झोपते. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज अडवणाऱ्या पातळ चिकटपट्टीची) बारीक पट्टी चिकटवली, किंवा मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणारी जोडणी लावली, की प्रश्न मिटतो, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते. फक्त ती जोडणी घेताना कनेक्टरमध्ये तारा ओतीव प्लॅस्टिकात बुजवलेल्या नकोत, दाबून बसवलेल्या हव्यात. ओतीववाल्या जळतात. मी वितळलेला एक कनेक्टर काउंटरच्या काचेखाली मुद्दाम ठेवलाय, स्वस्तातली मागणाऱ्याला दाखवायला.

डिस्क फिरते पण बायोसला दिसत नाही, आणि बोर्ड २००३ ते २००६ च्या काळातला आहे, तर वेगाचं भांडण असू शकतं. त्या काळात व्हियाची व्हीटी ८२३७ ही चिप पुष्कळ बोर्डांवर होती. तिला १.५ गिगाबिटचा साटाच कळतो, आणि तीन गिगाबिटची डिस्क समोर आली तर खाली उतरून बोलण्याची वाटाघाट तिला जमत नाही. उपाय डिस्कच्या बाजूने करावा लागतो. वेस्टर्न डिजिटलच्या त्या पिढीतल्या साडेतीन इंची डिस्कवर पाचव्या-सहाव्या पिनवर जंपर लावला की ती १.५ ला बांधली जाते. एसएसडीला असला जंपरच नसतो. म्हणून ‘जुन्या पीसीत एसएसडी टाकून पळवू’ हा बेत अशा बोर्डावर पहिल्याच पायरीला आपटतो. तिथे वेगळं साटा कार्ड टाका किंवा त्या पीसीचा नाद सोडा.

नव्या बोर्डांची गंमत वेगळी. एम.२ खाचेत एसएसडी बसवली आणि इतकी वर्षं चालणारी साटा डिस्क गायब झाली, तर घाबरू नका. अनेक बोर्डांवर त्या खाचेची आणि पाचव्या-सहाव्या साटा पोर्टची वाट एकच असते. एक चालू झालं की दुसरं बंद. मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की डिस्क हजर.

नाव दिसतं, पण आकडा चुकीचा

आता क्लासच्या पीसीकडे येतो. तिसऱ्या खेपेला बायोस उघडलं आणि या वेळी आकडा वाचला. तीन टीबीच्या डिस्कपुढे लिहिलं होतं ८०१ जीबी.

हा आकडा एकदा ओळखीचा झाला की आयुष्यभर विसरत नाही. जुनं बायोस सेक्टरचा पत्ता ३२ बिटांत लिहितं. ३२ बिटांत मावणारे पत्ते ४,२९,४९,६७,२९६. एक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, म्हणजे साधारण २.२ टीबी. त्यापुढे मोजलं की गाडीचा मीटर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव नंतर शून्यावर येतो तसा हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू. तीन टीबीतून २.२ वजा केले की उरतात ८०१ जीबी, विंडोजच्या मोजणीने ७४६. चार टीबीची डिस्क अशा बोर्डावर १.८ टीबी दिसते. आकडा असा वजाबाकीने निघत असेल तर डिस्क फसवी नाही, बायोसची पाटी संपलीय.

असली भिंत ही पहिली नव्हे. आधी ५२८ एमबीची होती, मग ८.४ जीबीची, मग ३३.८ जीबीची. त्या शेवटच्या वेळी काही बायोस डिस्क ओळखतानाच गोठायची आणि डिस्कवर ‘स्वतःला ३२ जीबीची म्हणवून घे’ असा जंपर लावावा लागायचा. त्यानंतर २८ बिटांच्या पत्त्यांची १३७ जीबीची भिंत. दर वेळी ‘आता एवढी डिस्क कोण घेणार’ असं कुणीतरी ठरवलेलं असतं.

सरांच्या भाच्याने त्या २०१० च्या आसपासच्या बोर्डावर उबुंटू टाकून दिलं होतं. जीपीटी या, डिस्कच्या विभागांची नोंद ठेवायच्या नव्या पद्धतीने, आणि सगळी डिस्क एकाच विभागात. लिनक्सचा कर्नल स्वतःच्या ड्रायव्हरने तीनही टीबी व्यवस्थित वाचतो, त्यामुळे एकदा उठल्यावर कसली तक्रार नाही. पण कर्नलला उठवणारा ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, बायोसच्या डोळ्यांनी बघतो, आणि त्याचं जग ८०१ जीबीला संपतं. नव्या नवलाईत डिस्क रिकामी होती, कर्नलची फाइल पुढच्याच भागात बसली, पीसी उठला. वर्षभर रेकॉर्ड केलेली लेक्चरं भरत गेली, पुढचा भाग दाटला. मग एखाद्या अपडेटमध्ये नवा कर्नल ८०१ च्या पलीकडे जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हद्दीबाहेर’. पहिल्या माणसाने फॉरमॅट मारला तेव्हा डिस्क पुन्हा रिकामी झाली, म्हणून चाललं. सरांनी बाहेरच्या डिस्कवरून लेक्चरं परत भरली आणि पुन्हा तेच. माझ्या हातून कर्नल पुन्हा टाकताना तो योगायोगाने अलीकडे बसला आणि मी केबलची पाठ थोपटली.

हे तुमच्याकडे होतंय का ते ओळखायला दोन खुणा. सुरू करताना शिफ्टची कळ धरून ठेवा, ग्रबचा मेनू येईल. त्यातल्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन जुना कर्नल निवडा. जुना उठतो आणि नवा उठत नाही, तर शंभरातल्या नव्वद लोकांना नवा कर्नल बिघडलाय असं वाटतं. तसंही असू शकतं, पण आउटसाइड ऑफ डिस्क ही ओळ असेल तर जागेचा प्रश्न आहे. जुन्या कर्नलने उठल्यावर टर्मिनलमध्ये फाइलफ्रॅग ही आज्ञा सविस्तर दाखवण्याच्या पर्यायासह बूट फोल्डरमधल्या नव्या कर्नलवर आणि त्याच्यासोबत लागणाऱ्या इनिटआरडी या फाइलवर चालवा. ती फाइल डिस्कवर नेमकी कुठल्या ठोकळ्यापासून सुरू होते ते ती सांगते. ठोकळा ४०९६ बाइटचा. ८०१ जीबीचे ठोकळे होतात सुमारे १९ कोटी ५६ लाख. सरांच्या मशीनवर जुना कर्नल ११ कोटींच्या घरात होता. नवा ३१ कोटींच्या पुढे. मी त्यांना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. गणित शिकवणारा माणूस, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे माझंच लेक्चर त्याच्या वाटेत बसलंय."

इलाज एकच: बूटचं सामान बायोसला दिसेल अशा जागी ठेवायचं. नव्याने टाकत असाल तर डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक-दोन जीबीचा वेगळा बूट विभाग करा, बाकी डिस्क कशीही वापरा. आधीच भरलेल्या डिस्कवर विभागाची सुरुवात सरकवणं हे तासन्‌तासांचं आणि जोखमीचं काम आहे, त्यात वीज गेली तर संपलं. मी ते करत नाही. त्यापेक्षा एक छोटी जुनी एसएसडी बूटसाठी लावणं उत्तम. पैसे अगदीच मोजके असतील तर ग्रब आणि बूट फोल्डर पेन ड्राइव्हवर. बायोस पेन ड्राइव्हवरून उठतं, कर्नल मेमरीत आला की तो तीन टीबीची डिस्क स्वतःच शोधून घेतो. सरांनी पेन ड्राइव्हचा मार्ग निवडला.

विंडोजवाल्यांना हा लपंडाव नशिबी नाही, त्यांचं सरळ असतं. एमबीआर या, विभागांची नोंद ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर २.२ टीबीपलीकडची जागा वापरताच येत नाही, आणि जीपीटी डिस्कवरून विंडोज उठवायचं तर यूईएफआय हवंच. जुन्या बायोसवर मोठी डिस्क दुसरी, फक्त डेटाची म्हणून लावा. एक सावधगिरी: एक्स्टर्नल डब्यात वापरलेली दोन टीबीवरची डिस्क डब्यातून काढून थेट साटाला लावली आणि ती ‘रॉ’ दिसली, तर फॉरमॅटच्या खिडकीत ‘ओके’ दाबू नका. काही डबे ५१२ चे सेक्टर ४०९६ चे आहेत असं भासवतात. परत त्याच डब्यात घाला, डेटा जागेवर असेल.

सगळं बरोबर दिसतं, तरी निळा स्क्रीन

इथे पहिला वाचक पास झालेला असतो, अडकतो तो दुसरा. खूण: विंडोजचा लोगो येतो, निळा स्क्रीन क्षणभर चमकतो, पीसी रीस्टार्ट. कोड ०एक्स७बी, किंवा नव्या विंडोजवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

अंबडला एका जॉबवर्कच्या शेडमध्ये सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायला एक विंडोज सातचा पीसी आहे. जुना, पण त्याला सीरियल पोर्ट आहे आणि मशीनला तोच लागतो. तो पीसी दर साप्ताहिक सुट्टीनंतर उठायचा नाही. रोज रात्री बंद करतात, रोज सकाळी उठतो. फक्त सुट्टीनंतर नाही. मी गेलो, बायोसमध्ये डिस्कचा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई ही जुनी दिसली, एएचसीआय ही नवी केली, उठला. पुढच्या आठवड्यात फोन. पुन्हा तेच केलं. तिसऱ्या आठवड्यात ऑपरेटरला विचारलं, "सुरू करताना आधी काही येतं का रे स्क्रीनवर?"

"ते येतं ना दादा, इंग्लिशमध्ये. एफ१ दाबायचा मग."

ते ‘काही तरी’ म्हणजे सीमॉस चेकसम एरर, बायोसची सेटिंग जपणाऱ्या मेमरीतला हिशोब जुळत नाही अशी तक्रार. बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, संपला होता, मीटरवर १.९ व्होल्ट. नव्याचे तीन असतात. रोज रात्री पीसी बंद केला तरी भिंतीवरचं बटण चालू असायचं, एसएमपीएस थोडी वीज बोर्डाला पुरवत राहायचा, सेटिंग टिकायचं. सुट्टीच्या आधी मालक शेडचा मेन स्विच पाडून जायचे. त्या रात्री बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जायचं, तिथे मोड आयडीई. विंडोज एएचसीआयमध्ये टाकलेलं, त्याने दुसरा ड्रायव्हर बंदच ठेवलेला. पुढे निळा स्क्रीन. तीस-चाळीस रुपयांच्या सेलने दोन वर्षं झाली, तक्रार नाही. बायोसमधलं घड्याळ मी पहिल्याच दिवशी वाचलं असतं तर दोन फेऱ्यांचं पेट्रोल वाचलं असतं. तारीख कित्येक वर्षं मागची होती.

मोड मुद्दाम बदलायचा असेल, आयडीईवरून एएचसीआयवर, तर विंडोज दहा-अकरामध्ये फॉरमॅट लागत नाही. बीसीडीएडिट या आज्ञेने किंवा एमएसकॉन्फिगमधून पुढचा बूट सेफ मोडमध्ये लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या; तिथे विंडोज योग्य ड्रायव्हर जागा करतं. मग सेफ मोडची खूण काढून टाका.

अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपमध्ये हाच आजार व्हीएमडी (डिस्क सांभाळायची इंटेलची पद्धत) या नावाने येतो. विंडोज टाकायला बसलात आणि इन्स्टॉलर ‘डिस्कच सापडत नाही’ म्हणाला, तर इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्या. आणि चालू असलेल्या लॅपटॉपमध्ये कुणी व्हीएमडी बंद केलं की तोच निळा स्क्रीन.

यूईएफआयचे घोटाळे

नाशिक रोडच्या एका हिशोबाच्या ऑफिसात नवी एसएसडी लावून विंडोज टाकलं, जुनी हार्ड डिस्क डेटासाठी तशीच ठेवली. आठ महिन्यांनी ती जुनी कुरकुरायला लागली म्हणून काढली, तर पीसी म्हणतो बूट डिव्हाइस नाही. विंडोज एसएसडीवर होतं, पण टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या आणि जुन्या डिस्कवर आधीपासून ईएफआय विभाग (यूईएफआय बूटलोडर जिथे शोधतं तो) होता. इन्स्टॉलरने बूटलोडर तिथेच ठेवून दिला. घर नवं, किल्ली जुन्या घराच्या खुंटीला. एसएसडीवर थोडी जागा कापून शंभर-दोनशे एमबीचा फॅट३२ ईएफआय विभाग केला, बीसीडीबूट आज्ञेने फाइली त्यात टाकल्या, काम झालं. तेव्हापासून विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबल मी आधी काढतो. ऑफिसातल्या मॅडम विचारतात, "एवढं उघडता कशाला?" त्यासाठी.

एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जातीची, एसएसडी जुन्या बोर्डात कार्डावर बसवली तर विंडोजला दिसते, बायोसच्या बूट यादीत दिसत नाही. साधारण २०१४ च्या, म्हणजे इंटेलच्या नऊ मालिकेच्या, आधीच्या बहुतेक बोर्डांच्या फर्मवेअरमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हरच नसतो. अशा पीसीला साटा एसएसडीच द्या. एनव्हीएमईचा वेग त्या बोर्डावर तसाही पुरता मिळत नाही.

विंडोज दहाचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून अकरावर जायची घाई सुरू आहे, आणि त्या घाईत लोक बायोसमध्ये सीएसएम (यूईएफआयला जुन्या बायोससारखं वागू देणारी सोय) बंद करून मोकळे होतात. डिस्क एमबीआर असेल तर पीसी तिथेच थांबतो. घाबरून फॉरमॅट मारू नका; सीएसएम पुन्हा चालू करा, उठेल. मग विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या आज्ञेने आधी पडताळणी, मग रूपांतर, आणि त्यानंतर सीएसएम बंद, या क्रमाने जा. पडताळणीत नापास झालं तर बहुतेक वेळा डिस्कवर चार प्रायमरी विभाग असतात. तीनपेक्षा जास्त त्याला चालत नाहीत.

फर्मवेअर बदलायचं का

बोर्डाचं बायोस नवं करून सुटणाऱ्या गोष्टी आहेत, मोठ्या डिस्कची आणि एनव्हीएमईची ओळख त्यात येते. पण ‘करून बघू’ म्हणून करू नका. कंपनीच्या यादीत तुमचा नेमका दोष लिहिलेला असेल तरच. यूपीएस हवाच; आपल्याकडे पावसाळ्यात दुपारी वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि अर्धवट लिहिलेलं बायोस म्हणजे बोर्ड टेबलावर आडवा. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. अपडेटनंतर ती मागितली जाते आणि तेव्हा कुणाला आठवत नाही.

डिस्कच्या आतही फर्मवेअर असतं आणि तेही आजारी पडतं. २००९ च्या जानेवारीत सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या डिस्क वीज दिल्यावर अचानक बायोसला दिसेनाशा व्हायच्या. आतला डेटा शाबूत, फक्त फर्मवेअर अडकलेलं. कंपनीने नवं फर्मवेअर दिलं. २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने काही सर्व्हर एसएसडींबद्दल कळवलं की ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास भरले की त्या बंद पडतील. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, पुन्हा मोजणीची पाटीच संपलेली. एकाच दिवशी घेतलेल्या दोन एसएसडी एकाच दिवशी गेल्या तर नशिबाला दोष देण्याआधी मॉडेल आणि फर्मवेअरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर शोधा. आणि डिस्कचं फर्मवेअर टाकायच्या आधी बॅकअप, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

क्लासचा पीसी त्या दिवशी संध्याकाळी सरांनी नेला. पेन ड्राइव्ह मागच्या यूएसबीत लावून वर पांढऱ्या टेपवर मार्करने ‘काढू नये’ असं मीच लिहिलं होतं. ऑगस्टमध्ये फोन आला.

"भाऊ, परत तेच."

"स्क्रीनवर काय आहे सर? आउटसाइड ऑफ डिस्क?"

"नाही. ग्रब रेस्क्यू म्हणतोय."

"मागे पेन ड्राइव्ह आहे का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, मग थोडा वेळ काही नाही. मग फोनवर हात ठेवून कुणाला तरी विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं: "नोट्स झेरॉक्सला कशात घालून नेल्या रे?"

दुसऱ्या दिवशी मी जाऊन १२० जीबीची जुनी एसएसडी कॅबिनेटच्या आत स्क्रूने बसवून आलो.